किशोरवयीनांचे व्यायामप्रशिक्षण

किशोरवयात (सुमारे १० ते १९ वर्षे) ठरावीक क्रमाने व्यायाम करून दमसास, ताकद, वेग, चपळाई व लवचीकपणा वाढवण्याची पद्धत. ज्या क्षमतेवर ताण पडतो, मुख्यतः तीच वाढते. मराठवाड्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर एकाच गतीने मैलोन्‌मैल पळतात. दमसास सुधारतो, नडग्याही दुखू लागतात; पण मुलांच्या चाचणीत १६०० मीटरबरोबर १०० मीटर धाव आणि गोळाफेकही असते. त्यांना हे पळणे पुरत नाही.

दमसासासाठी तुकड्यातुकड्यांत धावणे कमी वेळात चांगले फळ देते. दहा मिनिटे अंग गरम करून ३० सेकंद जोरात धाव, ३० सेकंद चाल, अशा ८ फेऱ्या; चार मिनिटे विसावा; पुन्हा ८. हे आठवड्यातून दोनदा, मध्ये ४८ तास सोडून, शक्यतो मातीच्या मैदानावर. सुरुवातीलाच सगळा जोर लावला की शेवटच्या फेऱ्या रखडतात. पहिल्या व शेवटच्या फेरीत अंतर जवळपास सारखेच कापले गेले पाहिजे.

ताकदीसाठी जोर, बैठका, हलकी वजने : ८ ते १५ आवर्तनांचे दोन-तीन संच, आठवड्यातून दोन-तीनदा. वजनाने उंची खुंटते ही भीती निराधार आहे. इजा होते ती चुकीच्या ढबीने आणि देखरेखीवाचून. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावू लागते म्हणून. दंड भरले नाहीत, तरी मेहनत वाया गेलेली नसते.

अर्जुन पुरस्कारप्राप्त सारिका काळे यांच्या धाराशिवचा खो-खो पाय व चपळाई घडवतो. खांद्यांसाठी मात्र जोर वेगळे मारावेच लागतात.

उंची झपाट्याने वाढते ती मुलींत साधारण १२व्या, मुलांत १४व्या वर्षी. म्हणून एकाच वर्गाला एकच मात्रा देणे चूक. दर तीन महिन्यांनी उंची मोजावी; गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागल्यास उड्या कमी कराव्यात. सराव करूनही मुलगी लवकर थकत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव सकाळी साडेसातच्या आत संपवावा.

परिणाम मोजण्यासाठी २० मीटर शटल रन (दोन रेषांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा धावणे) व जागेवरून लांब उडी सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी घ्यावी. मुले वाढत्या वयाने आपोआपही सुधारतात. म्हणून सराव न केलेल्या समवयस्कांशी तुलना हवीच.