‘एक्सपेरिमेंटुम’ : लिंकनच्या बिशपला मिळालेल्या एका बिरुदाची पार्श्वभूमी

विज्ञानाचा इतिहास थोडक्यात सांगताना रॉबर्ट ग्रोसटेस्ट या १३व्या शतकातील इंग्रज बिशपच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते आणि त्या ओळीत त्याला ‘प्रायोगिक विज्ञानाचा जनक’ किंवा निदान ‘आद्य पुरस्कर्ता’ म्हटलेले असते. हे बिरुद मुख्यतः त्याच्या लॅटिन लेखनात येणाऱ्या ‘एक्सपेरिमेंटुम’ या शब्दावर उभे आहे. इंग्रजी ‘एक्सपेरिमेंट’ त्यातूनच आला, मराठीत त्याला ‘प्रयोग’ हा प्रतिशब्द रुळला, आणि मधल्या काळात शब्दाचा अर्थ किती सरकला हे न पाहताच या बिशपच्या हाती प्रयोगशाळा सोपवली गेली. त्याच्या योगदानाबद्दल ज्याला मनापासून आदर आहे त्याने तरी या शब्दाची नीट उकल करावी, या भूमिकेतून पुढील टिपण लिहिले आहे.

ग्रोसटेस्टचा जन्म ११७०च्या आसपास सफक परगण्यातील एका गरीब घरात झाला. विद्वत्तेपलीकडे त्याला कसलेही पाठबळ नव्हते. १२व्या शतकाच्या अखेरीस तो हेरफर्डच्या बिशपच्या पदरी होता. त्या वेळी त्याच्यासाठी लिहिलेले एक शिफारसपत्र उपलब्ध आहे. त्यात दावे-व्यवहारांतील त्याचे कौशल्य आणि वैद्यकाचे ज्ञान या दोन्हींची वाखाणणी केली आहे. वैद्यकाचा हा उल्लेख पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यानंतरच्या वर्षांत तो पॅरिसला शिकला की इंग्लंडमध्येच राहिला, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. १२२९मध्ये तो लेस्टरचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी, झाला. त्याच सुमारास, स्वतः फ्रान्सिस्कन या भिक्षुसंघाचा व्रतस्थ सदस्य नसताना, ऑक्सफर्डमधील फ्रान्सिस्कन बंधूंना तो शिकवू लागला. १२३५मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर किंवा साठी ओलांडल्यावर, त्याची लिंकनच्या बिशपपदी निवड झाली. हा इंग्लंडमधील सर्वांत मोठा धर्मप्रांत होता आणि ऑक्सफर्डही त्यातच येत होते. ९ ऑक्टोबर १२५३ रोजी मृत्यू येईपर्यंत तो त्या पदावर होता.

वादाचा विषय झालेले बहुतेक लेखन बिशप होण्यापूर्वीचे आहे. १२२०च्या दशकात त्याने अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पोस्टिरिअर अ‍ॅनालिटिक्स’ या तर्कशास्त्रावरील ग्रंथावर भाष्य लिहिले. त्यातला एक उतारा आज पुन्हा पुन्हा पुढे केला जातो. तो स्कॅमनी नावाच्या वेलीबद्दल आहे. आपल्याकडच्या निशोत्तराच्या कुळातली ही वेल; तिच्या मुळाचा चीक जालीम रेचक मानला जाई. ग्रोसटेस्ट सांगतो ते असे. स्कॅमनी खाल्ली की तांबडे पित्त पडते, एवढेच डोळ्यांना दिसते. स्कॅमनीच पित्त ओढून काढते हे डोळ्यांना दिसत नाही. दोन गोष्टी वरचेवर एकत्र दिसू लागल्या की न दिसणाऱ्या तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे कारणाची, मनाला शंका येते. मग बुद्धी जागी होते आणि पित्त पाडणारी इतर सारी कारणे बाजूला सारून स्कॅमनी देऊन पाहते. असे अनेकदा झाले, म्हणजे स्कॅमनी स्वभावतःच पित्त काढते असा सर्वसामान्य सिद्धान्त बुद्धीत तयार होतो.

आधुनिक वाचक हे वाचून दचकतो, कारण इतर कारणे वगळून एकाच कारणाची परीक्षा घेण्याची ही रीत त्याच्या चांगल्या ओळखीची आहे. परंतु स्कॅमनीचे उदाहरण ग्रोसटेस्टचे स्वतःचे नव्हते. ११व्या शतकातील पर्शियन वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना याच्या तर्कशास्त्रात ते आधीच येऊन गेले होते आणि तेथे त्याला ‘तजरिबा’ असे नाव होते. हिंदीच्या शेजारामुळे आपल्या कानांवर पडणारा ‘तजुर्बा’ तो हाच, आणि त्याचा सरळ अर्थ अनुभव. ग्रोसटेस्टच्या काळच्या लॅटिनमध्येही ‘एक्सपेरिमेंटुम’ आणि ‘एक्सपेरिएंशिया’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येत. वैद्यांच्या गुणकारी नुस्ख्यांच्या वह्यांना ‘एक्सपेरिमेंटा’ म्हणत आणि मंत्रतंत्राच्या कृतींनाही तेच नाव असे. आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकांत ‘अनुभूत योग’ म्हणून जे दिलेले असते, त्याच्याशी या शब्दाचे नाते अधिक जवळचे आहे. आपला ‘प्रयोग’ हा शब्दही नाटकाचा असतो, कर्मणी असतो, जारणमारणाचा असतो आणि प्रयोगशाळेतलाही असतो. पण यांपैकी कोणता प्रयोग अभिप्रेत आहे याबद्दल आपला कधी घोटाळा होत नाही. आठशे वर्षांपूर्वीचा परका शब्द वाचताना हे भान सुटते.

या शब्दाची खरी कसोटी इंद्रधनुष्यावरील छोट्या निबंधात लागते. इंद्रधनुष्य प्रकाशाच्या परावर्तनाने नव्हे, तर ढगातील ओलाव्यात त्याचे वक्रीभवन झाल्याने दिसते, असे ग्रोसटेस्टने त्यात मांडले. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेले मत सोडण्याचे हे धाडस मोठे होते आणि दिशा बरीचशी बरोबर होती. किरण वाकतो हे दाखवण्यासाठी तो जो ‘एक्सपेरिमेंटुम’ देतो, तो घरात कोणालाही करता येतो. खोलगट वाटीच्या तळाशी नाणे ठेवावे, कडेआड ते दिसेनासे होईपर्यंत मागे सरावे आणि दुसऱ्याला वाटीत पाणी ओतायला सांगावे. जागचे न हलता नाणे पुन्हा दिसू लागते. मात्र हे आपण करून पाहिले, असे ग्रोसटेस्ट म्हणत नाही. आरशांवरील एका जुन्या ग्रंथाच्या आरंभी ते सांगितले आहे, असा हवाला तो देतो.

त्याच निबंधात, किरण नेमका किती वाकतो याचा नियमही आहे. हवेतून दाट माध्यमात शिरणारा किरण त्याचा मूळ सरळ मार्ग आणि पृष्ठभागावरचा लंब यांच्यामधील कोन बरोबर दुभागतो, असे तो सांगतो. आणि हेही, आरशावरच्या परावर्तनाप्रमाणेच, ‘एक्सपेरिमेंटुम’मधून कळते असे म्हणतो. शिवाय निसर्ग प्रत्येक काम सर्वांत आखूड आणि सर्वांत उत्तम मार्गाने करतो, हे तत्त्वही तो आधाराला घेतो. नियम सुबक आहे, पण चुकीचा आहे. लंबाशी ४० अंशांचा कोन करून किरण पाण्यात शिरला, तर या नियमाप्रमाणे आतला कोन २० अंशांचा यायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे २९ अंशांचा येतो. काचेत तो २५ अंशांच्या आसपास असतो. नऊ अंशांची तफावत बारीक उपकरणांवाचूनही नजरेत भरते. ग्रोसटेस्टच्या सुमारे हजार वर्षे आधी टॉलेमी या ग्रीक ज्योतिर्विदाने पाण्यासाठी दिलेल्या कोष्टकात ४० अंशांपुढे २९ हाच आकडा आहे. ज्या विधानाला ग्रोसटेस्ट ‘एक्सपेरिमेंटुम’चा दाखला देतो, ते एकदा मोजून पाहिले असते तरी टिकले नसते. म्हणून या शब्दाचे भाषांतर ‘प्रयोग’ असे करणे मला चुकीचे वाटते. ‘पारखलेला अनुभव’ किंवा ‘प्रत्यय’ हे शब्द त्याच्या जवळचे आहेत.

अर्थात यामुळे त्याचे महत्त्व कमी होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. निसर्गातील सर्व कार्यांची कारणे रेषा, कोन आणि आकृती यांच्या साहाय्याने सांगितली पाहिजेत, हे त्याचे प्रतिपादन त्या काळी विलक्षण होते. त्याची विश्वोत्पत्तीची कल्पनाही अशीच आहे: प्रकाशाचा एक बिंदू स्वतःला अगणित वेळा गुणत सर्व दिशांना पसरतो आणि पसरताना जडद्रव्याला ताणून विश्वाचा गोल घडवतो. पंचांगाच्या हिशेबात चंद्र सुमारे ३०० वर्षांत एका दिवसाने चुकतो, हे त्याने अरबी ज्योतिष्यांच्या आकड्यांच्या आधारे दाखवून दिले. साठीनंतर ग्रीक शिकून त्याने अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा संपूर्ण लॅटिन अनुवाद १२४०च्या दशकात सिद्ध केला आणि पुढच्या पिढीच्या धर्मपंडितांना तो ग्रंथ अखंड वाचायला मिळाला.

बिशप म्हणून त्याची कीर्ती वेगळ्याच कारणाने टिकली. १२५३मध्ये पोपने आपल्या पुतण्याला लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये कॅननचे, म्हणजे तेथील वेतनधारी धर्मगुरूचे, पद देण्याचा हुकूम पाठवला. आपण पुत्राच्या नात्याने आणि आज्ञाधारकपणेच ही आज्ञा पाळत नाही, असे उत्तर या वृद्ध बिशपने दिले. पुढे प्रॉटेस्टंटांनी या पत्राच्या आधारे त्याला आपला पूर्वसूरी ठरवले, वस्तुतः पोपच्या पदाविषयीची त्याची निष्ठा कधीच ढळलेली नव्हती. त्याला संत घोषित करण्याचे प्रयत्नही सफल झाले नाहीत. त्याच्या पत्रव्यवहारात आणखीही काही आहे. १२३१मध्ये लेस्टरमधून ज्यूंना हाकलण्यात आले तेव्हा तो तेथे आर्चडीकन होता, आणि त्यांना आश्रय देणाऱ्या एका उमराव स्त्रीला त्याने लिहिले की ज्यूंना मारू नये, पण सावकारी करू न देता कष्टात ठेवावे. गौरवग्रंथांत हे पत्र बहुधा तळटीपेत जाते. ते मुख्य मजकुरात असायला हवे.

वैज्ञानिक म्हणून त्याची प्रतिमा घडण्यास आरंभ झाला तो त्याच शतकातील इंग्रज फ्रान्सिस्कन पंडित रॉजर बेकन याच्यापासून. या लिंकनच्या बिशपने अ‍ॅरिस्टॉटलची पुस्तके बाजूला ठेवून स्वतःच्या अनुभवाने ज्ञान मिळवले, असे बेकनने लिहिले. अ‍ॅरिस्टॉटलवर भाष्ये आणि अनुवाद करणाऱ्या माणसाबद्दल हे विधान अतिशयोक्तच आहे. पुढे कित्येक शतके या निबंधांकडे फारसे लक्ष गेले नाही. १९१२मध्ये जर्मनीत त्याच्या तत्त्वज्ञानविषयक लेखनाची एकत्रित आवृत्ती निघाली आणि १९५३मध्ये, त्याच्या मृत्यूला ७०० वर्षे होत असताना, ऑक्सफर्डहून एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक विज्ञानाची प्रायोगिक पद्धत १७व्या शतकात अचानक अवतरली नसून ग्रोसटेस्टपासून सुरू झाली, असे त्यात ठामपणे मांडले होते. महायुद्धानंतरच्या युरोपला मध्ययुग आणि आधुनिक काळ यांच्यातला दुवा हवाच होता, आणि बिरुद पाठ्यपुस्तकांत गेले. काही वर्षांतच त्यावर आक्षेप आले. पद्धतीची चर्चा करणे आणि ती वापरणे यांत फरक आहे, असे फ्रान्समधील एका इतिहासकाराने बजावले. १९६०च्या दशकात वक्रीभवनाच्या नियमाची वर दिल्याप्रमाणे चिरफाड झाली. १९८०च्या दशकात आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी धर्मचिंतक ग्रोसटेस्टला पुन्हा मध्यभागी आणले. आक्षेप मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत फारसे पोचले नाहीत.

गेल्या काही वर्षांत उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठातून सुरू झालेल्या कामात भौतिकशास्त्रज्ञ, लॅटिनचे जाणकार आणि इतिहासकार त्याचे निबंध एकत्र बसून वाचू लागले. २०१४मध्ये त्यांनी प्रकाशाच्या निबंधातील विश्व समीकरणांत मांडून संगणकावर चालवून पाहिले, तेव्हा मोजक्याच मूल्यांना त्यातून ग्रोसटेस्टला हवे तसे सुव्यवस्थित गोल निघाले. त्याआधी २०१२मध्ये रंगांवरील निबंधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेमतेम ४०० लॅटिन शब्दांच्या या निबंधात रंगांची रचना तीन जोड्यांवर केली आहे: प्रकाश तेजस्वी की मंद, विपुल की थोडा, आणि माध्यम शुद्ध की अशुद्ध. आजच्या त्रिमितीय रंगमापनाशी याचे साम्य पाहून अभ्यासक चकित झाले. याच निबंधाच्या शेवटी ग्रोसटेस्ट म्हणतो की हे सारे केवळ तर्कानेच नव्हे, तर ‘एक्सपेरिमेंटुम’नेही सिद्ध आहे, कारण या शास्त्रात मुरलेल्यांना माध्यम, शुद्ध असो वा अशुद्ध, हवे तसे घडवून हवा तो रंग डोळ्यांसमोर आणता येतो. येथे हवाला कोणत्याही पुस्तकाचा नाही, हाताने करण्याच्या कृतीचा आहे. माझ्या मताविरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा हाच, आणि या एका वाक्यापुरता ‘प्रयोग’ हा शब्द मला खोडता आलेला नाही.