हजार फुटांचा हट्ट

"विमान पार केळीला घासून गेलं ना भो! हजार फुटांखाली आणणं गुन्हाच." जळगावकडच्या मळ्यांत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. पण ते अर्धंच खरं.

हजार फुटांची (३०० मीटर) अट दाट वस्तीसाठी, तीही ६०० मीटर त्रिज्येतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर. मोकळ्या रानावर, नजरेच्या भरवशावर उडताना ५०० फूट पुरतात. आणि उतरताना किंवा उड्डाण घेताना दोन्ही अटी लागू नाहीत. नेहमीच्या ३ अंशांच्या उताराने येणारं विमान धावपट्टीच्या ५ किलोमीटर आधी जेमतेम २६० मीटरवर असतं.

डोळ्यांचा अंदाज तर सोडाच. आभाळात मापाला शेजारी झाड नसतं. विमानाची लांबी ठाऊक हवी. २७ मीटर लांबीचं एटीआर-७२ हे पंख्यांचं प्रवासी विमान आडवं, पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं दिसलं, तर ते साधारण ३ किलोमीटर दूर आहे!