मिस कॉलची पार्श्वभूमी: न उचलण्यासाठी केलेला फोन

इंग्रजी बोलणाऱ्याचा कॉल 'मिस' होतो. आपण मात्र तो 'देतो', आणि घाईत असलो तर 'मारतो'. भारतात वीसेक वर्षं कोट्यवधी लोक रोज असे फोन करत होते, की जे समोरच्याने उचलू नयेत हीच अपेक्षा असायची. चुकून उचललाच, तर "अरे, उचललास कशाला?" हे पहिलं वाक्य. या सवयीला चिक्कूपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण ती जन्मली एका नियमातून: बिल नेमकं कधी सुरू होतं?

फोन लावला की नेटवर्कला बरंच काम पडतं. समोरचा हँडसेट कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहे ते शोधायचं, त्याला हाक मारायची, मधली वाट जोडायची, मग रिंग वाजवायची. हे सगळं फुकट. पैशांचं घड्याळ चालू होतं ते समोरच्याने फोन उचलल्यावर. म्हणजे 'मी खाली उभा आहे, ये' हा निरोप कंपनी स्वतःच्या खर्चाने पोचवत होती.

ही फट लँडलाइनलाही होती. एसटीडीच्या काळात "पोचलास की दोन रिंगा देऊन ठेव" असं बजावून मुलाला गाडीत बसवणारी घरं होती. पण फोन कुणाचा ते कळत नसे. रिंगा मोजाव्या लागत, वेळ ठरवावी लागे, आणि नेमका तेव्हाच शेजाऱ्यांसाठी कुणाचा तरी फोन आला की सगळा घोटाळा. मोबाइलच्या पडद्यावर नंबर उमटू लागला आणि त्या रिंगेखाली जणू सही आली.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. त्यामुळे मुंबईत बीपीएल किंवा मॅक्सटच या कंपन्यांचा फोन बाळगणारा माणूसही आलेला नंबर बघायचा, फोन कापायचा आणि जवळच्या पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथवरून, उलट फोन करायचा. मिस कॉल गरिबांनी शोधला असं आपण धरून चालतो, पण आधी पैसेवाल्यांनीच तो वापरला.

१९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरची ठरावीक परवानाशुल्काची सक्ती काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली, आणि दर उतरू लागले. खरी कलाटणी मात्र १ मे २००३ची. त्या दिवसापासून इनकमिंग फुकट झालं आणि खर्च फोन करणाऱ्यावर गेला. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट देणारी योजना आणली. फोन हातात आला, पण बोलायला बॅलन्स नाही, अशा माणसांचा मोठा वर्ग एकदम तयार झाला. पुढे २००५-०६च्या सुमारास ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' इनकमिंगच्या योजना आल्या. एकदा पैसे भरा, मग रिचार्ज न करताही फोन येत राहील. मिस कॉलला याहून सुपीक जमीन कुठून मिळणार?

त्याचा शिष्टाचार कुणी लिहून ठेवला नाही, पण सगळ्यांना पाठ होता. मुलाने बापाला मिस कॉल द्यायचा, बापाने मुलाला नाही. कामासाठी अडलेल्याने ज्याच्याकडून काम हवं त्याला मिस कॉल देणं म्हणजे उद्धटपणा. मित्रांमध्ये एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. प्रेमात पडलेल्यांची तर रात्रभर रिंगांवरच देवाणघेवाण चाले. याची दुसरी बाजू बायकांनी सोसली: अनोळखी नंबरवरून सतत येणारे मिस कॉल, आणि त्यावरून घरातच होणारी उलटतपासणी. कित्येक मुलींच्या हातून फोन काढून घ्यायला एवढं कारण पुरलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत याला 'बीपिंग' किंवा 'फ्लॅशिंग' म्हणतात, इटलीत 'स्क्विल्लो'. दक्षिण आफ्रिकेत व्होडाकॉम कंपनीतल्या एन्कोसाना मकाते या तरुणाने २००० साली बॅलन्स नसलेल्याला 'मला फोन कर' असा फुकट संदेश पाठवता येईल अशी कल्पना मांडली. तिच्या मोबदल्यासाठी त्याला थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत लढावं लागलं. २०१६मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

भारतात या रिंगेचा धंदा झाला. बंगळुरूच्या झिपडायलने जाहिरातदारांना मिस कॉलचे नंबर विकले आणि २०१५मध्ये ट्विटरने ती कंपनीच विकत घेतली. बिहारमध्ये, जिथे टीव्ही असला तरी वीज नसे, तिथे हिंदुस्तान युनिलिव्हरने 'कान खजूरा टेसन' चालवलं. मिस कॉल द्या, उलट फोन येईल, गाणी-विनोद ऐका आणि मधे साबणाची जाहिरातही ऐका. २०११मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने मुंबईच्या एका नंबरवर पाठिंब्याचे मिस कॉल मागवले, तर नोव्हेंबर २०१४पासून भाजपने सदस्यनोंदणीच मिस कॉलवर घेतली. 'माझ्याकडे पैसे नाहीत, तू फोन कर' असं सांगणारी रिंग आता 'हा घ्या माझा नंबर' असं सांगू लागली. तो नंबर पुढे कुठे कुठे जातो, हे तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही.

सगळ्यात गमतीचा अध्याय शेवटी आला. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे शुल्क द्यायचं, असा नियम होता. २००९मध्ये ते २० पैसे होतं, २०१५मध्ये १४, तर ऑक्टोबर २०१७पासून ६. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं, तसे इतर कंपन्यांचे ग्राहक जिओवाल्या नातलगांना मिस कॉल देऊ लागले. 'तुला फुकट आहे ना, मग तूच कर!' उलट फोनाचं शुल्क मात्र जिओच्या माथी. २०१९मध्ये कंपन्यांनी रिंग वाजण्याचा वेळच २०-२५ सेकंदांवर आणला. फोन लवकर तुटला की समोरचा परत करणार, आणि शुल्क त्याच्या कंपनीला पडणार. म्हणजे आता मिस कॉल कंपन्याच एकमेकींना देत होत्या. अखेर दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने मोबाइलची रिंग ३० सेकंद वाजलीच पाहिजे असं ठरवून दिलं, आणि १ जानेवारी २०२१पासून ते शुल्क शून्यावर आलं.

पण मिस कॉलच्या मुळावरचा घाव त्याआधीच बसला होता. २०१८च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी सिम चालू ठेवण्यासाठी महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं. फक्त फोन घेण्यापुरता साधा मोबाइल कनवटीला बाळगणाऱ्या म्हाताऱ्यांना 'लाइफटाइम' संपल्याचं कळलं, ते फोन वाजायचा बंद झाल्यावर.