पिशवीतलं पाणी आधी मोजा, मग मासा सोडा

खाऱ्या पाण्याचा टँक नवीन लावला होता तेव्हाची गोष्ट. क्लाउनफिशची जोडी आणली, पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे बादलीत घेऊन बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी सोडत बसलो, चांगला पाऊण तास, अगदी सगळे सांगतात तसं. दोघं झकास पोहत होते, दुसऱ्या दिवशी एकाने खाल्लंसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर एक खडकामागे आडवा पडलेला आणि दुसरा कोपऱ्यात धापा टाकतोय. टँकच्या पाण्याच्या सगळ्या टेस्ट व्यवस्थित, कुठेच काही चुकलेलं दिसेना. पुन्हा दुकानात गेलो तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं छोटं यंत्र) खिशात घालूनच गेलो आणि त्यांच्या टाकीतल्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला. १.०१९. माझ्या टँकमध्ये १.०२६! दुकानदाराला विचारलं तर म्हणे, अहो मीठ काय फुकट येतं का, आणि कमी खारट पाण्यात माशांना किडे पण कमी लागतात. त्याचं चूक नव्हतं, पण हे मी आधी विचारायला हवं होतं.

हे आकडे म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत खारं पाणी किती जड, आणि ते दिसायला किरकोळ वाटतात. पण १.०२६ म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे खुल्या समुद्राचं पाणी, आणि १.०१९ म्हणजे २६ च्या आसपास. म्हणजे पाऊण तासात मी त्या माशांच्या अंगावर लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ वाढवलं होतं, आणि तेही थेंबाथेंबाने, प्रेमाने!

आता गंमत बघा, समुद्रातला मासा पाण्यात राहून कायम तहानलेला असतो. त्याच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, त्यामुळे बाहेरचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेत असतं, मुख्यतः कल्ल्यांमधून, कारण तिथली त्वचा अगदी पातळ असते. ही गळती भरून काढायला मासा समुद्राचं पाणीच पितो, आणि पाण्याबरोबर आलेलं जादाचं मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशी पंपासारखं उपसून बाहेर टाकतात. लघवी अगदी थोडी, पाणी वाया घालवून चालणार कसं. (गोड्या पाण्यातल्या माशाचं नेमकं उलटं, तो पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल आणि पातळ लघवी भरपूर करतो.) हा पंप रात्रंदिवस चालू ठेवायला ताकद लागते, आणि मासा घाबरला, जाळ्यात खरचटला, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की गळती अजून वाढते. म्हणजे नवीन आणलेला मासा तुमच्या घरी पोचतो तेव्हाच अर्धा सुकलेला असतो, त्यात आपण त्याला जास्त खारट पाण्यात टाकतो. आगीतून फुफाट्यात.

जास्त खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात जाणं माशाला तुलनेने सोपं, कारण पंपाचं काम हलकं होतं. काही रोगांवर तर मासे मुद्दाम १.००९ इतक्या कमी खारट पाण्यात ठेवतात आणि ते तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. पण उलट दिशेने जायचं तर कल्ल्यांना पंपाची ताकद वाढवावी लागते, आणि ते काम तासाभराचं नाही, दिवसांचं आहे. म्हणून धक्का लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी मासा ठणठणीत वाटतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतो, आणि आपण मात्र टँकमध्ये काय बिघडलं ते शोधत बसतो.

बरं मग थेंबांचा वेग अजून कमी करून चार-पाच तास लावले तर? इथेच दुसरी गोची आहे, आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे. बंद पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्याच वेळी मासा कल्ल्यांमधून अमोनिया टाकत असतो, पिशवीत ना फिल्टर ना बॅक्टेरिया, त्यामुळे तो तसाच साठत जातो. पण पीएच कमी असेपर्यंत त्यातला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नसतं. म्हणजे पिशवी घाणेरडी असली तरी मासा तग धरून असतो. आता तुम्ही पिशवी उघडली, कार्बन डायऑक्साइड उडाला, वरून टँकचं ८.२ पीएचचं पाणी घातलं, की पीएच वर जातो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं. पीएच एका अंकाने वाढला तर विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. अमोनिया तेवढाच, एक थेंब वाढलेला नाही, फक्त त्याने रूप बदललं, आणि आपण मासा त्याच पाण्यात ठेवून वर "हळूहळू सवय लावतोय" म्हणून समाधानी.

म्हणून अर्धा-एक तासाच्या अंतरावरून आणलेला मासा आणि रात्रभर प्रवास करून आलेला मासा, दोघांना एकच नियम लावता येत नाही. लांबून आलेल्या माशाचं काम पिशवी उघडण्याच्या आधीच झालेलं पाहिजे. विकणाऱ्याला आदल्या दिवशी विचारायचं की तुमच्या पाण्याचा आकडा किती, आणि एका वेगळ्या छोट्या क्वारंटाईन टाकीतलं पाणी त्याच खारटपणावर आणून ठेवायचं. मग बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान सारखं करायचं, उघडायची, एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून आकडा खात्रीने बघायचा आणि मासा लगेच त्या टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत अजिबात नाही, सरळ मोरीत. नंतर रोज ०.००१ ते ०.००२ इतकंच वाढवत टँकच्या आकड्यावर यायचं. आणि रिफ्रॅक्टोमीटर अधूनमधून ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणावर तपासा, नाहीतर सगळी मेहनत चुकीच्या आकड्यावर.

थेंबाची पद्धत म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. जवळून आणलेला मासा, आकड्यांत थोडाच फरक, तर खुशाल करा. हिशोब सोपा आहे, २० थेंबांचा साधारण एक मिली, म्हणजे सेकंदाला चार थेंब धरले तर मिनिटाला १२ मिली, अर्धा लिटर पाण्याचं एक लिटर व्हायला चाळीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बादली गार होते हे मात्र लोक विसरतात. तारामासा आणि सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) यांच्यासाठी तर हीच पद्धत, अजून सावकाश, कारण त्यांच्याकडे माशासारखा पंपच नसतो, बाहेर जेवढा खारटपणा तेवढाच अंगात.

क्वारंटाईन टाकी कशाला एवढी, असं मलाही वाटायचं. पण पांढऱ्या ठिपक्यांचा जो परजीवी आहे, क्रिप्टोकॅरियॉन, तो माशाच्या कातडीत काही दिवस राहतो, मग गळून खाली पडतो, खडकावर पुटी (कवच) करून बसतो आणि एका पुटीतून ढीगभर नवीन पिल्लं बाहेर पडतात. काही पुट्या लवकर फुटतात, काही कित्येक आठवड्यांनी. एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की तांब्याचं औषधही तिथे घालता येत नाही, कोळंबी आणि प्रवाळ मरतात. नवीन मासा चार-सहा आठवडे वेगळा ठेवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं, त्याचं खाणंपिणं पण नीट बघता येतं.

मग येतो मोठ्या टँकचा दिवस, आणि तिथे प्रश्न रसायनाचा नसतो, दादागिरीचा असतो. जुन्या डॅमसेल माशाला एवढासा खडक म्हणजे बापाची जागीर वाटते. लाइट बंद ठेवा, एक-दोन दगड जागचे हलवा म्हणजे जुन्यांच्याही हद्दी विस्कटतात, आणि शक्य असेल तर नव्याला भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात टँकच्या आतच ठेवा. मी एका टँग माशाला असाच ठेवला होता. पहिल्या दिवशी माझा जुना टँग डब्यावर शेपटी आपटत होता, रंग गडद करून, शेपटीजवळचा काटा बाहेर काढून. दुसऱ्या दिवशी निम्मा जोर ओसरला. चौथ्या दिवशी दोघं काचेच्या दोन बाजूंनी एकाच शेवाळाच्या तुकड्याला ओढत होते, तेव्हा डबा उघडला.