प्रोसेसरच्या अपरोक्ष: डीएमए आणि कर्नल

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर भागातल्या एखाद्या कारखान्यात सीएनसी मशीनच्या (संगणकाने चालणाऱ्या यंत्राच्या) स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, कंपन मोजणारा सेन्सर बसवला आहे, असं समजा. तो सेकंदाला 20,000 नोंदी पाठवतो आणि शेजारच्या लिनक्स बोर्डाला (लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकाला) त्या वाचायच्या आहेत. प्रत्येक नोंदीला प्रोसेसरने हातातलं काम टाकून धावायचं ठरवलं, तर सेकंदाला 20,000 वेळा खोळंबा. नोंद जेमतेम दोन बाइटांची; ती उचलण्यापेक्षा जाण्या-येण्यातच जास्त वेळ जातो.

म्हणून हे काम डीएमए कंट्रोलरकडे सोपवतात. डीएमए म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. डेटा कुठून घ्यायचा, मेमरीत कुठे ठेवायचा आणि किती बाइट, एवढं सांगून प्रोसेसर मोकळा होतो. बफर, म्हणजे मेमरीतली ती ठरवलेली जागा, भरला की एकच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला थांबवणारी सूचना, येतो.

ही सोय जुनीच. 1981 च्या आयबीएम पीसीत इंटेलची 8237 चिप होती, चार चॅनेलची, म्हणजे डेटा वाहण्याच्या चार वाटांची. 1984 च्या पीसी-एटीमध्ये दुसरी चिप आली आणि दोघींना जोडण्यात चॅनेल 4 कायमचं अडकलं. आजही बऱ्याच लॅपटॉपवर लिनक्समध्ये /प्रॉक/डीएमए ही फाइल उघडली, तर तीच ओळ दिसते: ‘4: कॅस्केड’, म्हणजे जोडणीत गुंतलेलं. त्या जुन्या डीएमएला 24 बिटांपलीकडचा, म्हणजे 16 एमबीपुढचा, पत्ता कळत नसे. त्याच्यासाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीचे पहिले 16 एमबी वेगळे राखतो; त्या भागाला ‘झोन डीएमए’ म्हणतात.

आताच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर मात्र कोणतं उपकरण कोणत्या चॅनेलवर आहे, हे कर्नलला आपण होऊन कळत नाही. ते डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, लिहून द्यावं लागतं: ‘डीएमएज’ या ओळीत कंट्रोलर आणि चॅनेल, ‘डीएमए-नेम्स’मध्ये त्यांची नावं, उदाहरणार्थ ‘आरएक्स’ (डेटा घेणं) आणि ‘टीएक्स’ (डेटा पाठवणं). इथली चूक फार फसवी असते. ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, हवं ते नाव सापडलं नाही, तर अनेक ड्रायव्हर अडून न बसता प्रोसेसरकडूनच बाइट वाहून घेतात. आकडे बरोबर येतात, कुणाला शंका येत नाही, फक्त बोर्ड तापतो आणि अधूनमधून नोंदी गळतात.

त्याहून वाईट घोळ कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा. डीएमएने मेमरीत नवा डेटा ठेवला, पण प्रोसेसरच्या कॅशेत त्याच पत्त्याची जुनी प्रत असेल, तर वाचली जाते ती जुनीच. नेहमीच्या पीसीत हा मेळ हार्डवेअर राखतं. बऱ्याच एआरएम चिपांत तो कर्नलला राखावा लागतो, आणि त्यासाठी ड्रायव्हरने बफर डीएमएच्या एपीआयमधूनच (कर्नलने त्यासाठी दिलेल्या फंक्शनांतूनच) द्यायला हवा. हार्डवेअर मेळ राखत नसताना डिव्हाइस ट्रीत ‘डीएमए-कोहेरंट’ (म्हणजे मेळ हार्डवेअर राखतं) असं लिहून टाकलं, तर कर्नल त्यावर विश्वास ठेवतो आणि कॅशे साफ करतच नाही. मग मघाचं कंपन आत्ताचं म्हणून दिसतं. मशीनचं बेअरिंग जायला आलंय की नाही, हे अशा आकड्यांवरून ठरवणं धोक्याचं आहे.

त्यामुळे बोर्ड सुरू झाल्यावर आधी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, डीएमए चॅनेल मिळाल्याची किंवा नाकारल्याची ओळ शोधावी. मग इंटरप्टांची मोजणी दाखवणारी /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल दोनदा, थोड्या अंतराने पाहावी. त्या उपकरणापुढचा आकडा नोंदींच्याच वेगाने पळत असेल, तर डीएमए चालू झालेलं नाही.