मातृदुग्धजतन (बेळगाव सीमाभाग)

मातृदुग्धजतन : आईने पिळून काढलेले दूध बाळाच्या पोटात जाईपर्यंत त्यातील पोषक व संरक्षक घटक टिकवणे आणि त्यात रोगजंतू वाढू न देणे, यासाठीच्या पद्धती व त्यांमागील संशोधन. या नोंदीत त्याचा विचार बेळगाव (अधिकृत नाव 2014 पासून बेळगावी), खानापूर, निपाणी व चिकोडी या मराठीभाषक पट्ट्याच्या संदर्भात केला आहे.

संज्ञा : वैद्यकग्रंथांतील शब्द ‘स्तन्य’, बोलीत ‘अंगावरचं दूध’. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील दाट, पिवळसर दुधाला ‘चीक’ म्हणतात. कन्नडमधील ‘गिण्णु’ हा त्याचा शेजारी. दोन्ही शब्द मुळात गाई-म्हशींच्या चिकाचे, म्हणजे खरवसाचे. जनावराचा चीक पचायला जड, ही समजूत शब्दाबरोबरच आईच्या चिकाला चिकटली असावी. तो टाकून देऊन बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची रीत त्यातूनच बळावली, असे मानण्यास जागा आहे. संरक्षक प्रतिपिंडे सर्वाधिक असतात ती नेमकी याच दुधात.

प्राचीन परीक्षा : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय 10) स्तन्य पाण्यात टाकून पारखण्यास सांगितले आहे. शीतल, निर्मळ, पातळ, शंखाच्या रंगाचे, पाण्यात एकजीव होणारे, फेस वा तंतू नसलेले, न तरंगणारे व तळाशी न बसणारे दूध शुद्ध समजावे. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तिला इसवी सनापूर्वी कित्येक शतके मागे नेतात. तथापि ती थराथराने रचली गेली व तिचे आजचे रूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कौमारभृत्यावरील (बालवैद्यकावरील) काश्यपसंहितेचाही काळ असाच अनिश्चित असून तिची संहिता नेपाळमधील हस्तलिखितावरून विसाव्या शतकात छापली गेली. या ग्रंथांत परीक्षा आहे, साठवण नाही. दूध कमी पडल्यास धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, बाळाला थेट पाजत असल्याने साठवणीचा प्रश्न उद्भवत नव्हता.

तापन : दुग्धपेढ्यांत, म्हणजे मातांनी दिलेले दूध गरजू बाळांसाठी जमवणाऱ्या केंद्रांत, दान केलेले दूध 62.5° से. तापमानावर 30 मिनिटे ठेवून लगेच थंड करतात. या ‘होल्डर’ पद्धतीचे नाव एखाद्या शास्त्रज्ञाचे आडनाव समजले जाते. परंतु दूध ठरावीक तापमानाला ‘धरून ठेवणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून ते आले, हे मत अधिक सयुक्तिक आहे. पद्धत मूळची गाईच्या दुधाची. 1906 च्या सुमारास अमेरिकेत मिल्टन रोझेनॉ यांनी 60° से. तापमानावर 20 मिनिटांत क्षयाचे व इतर रोगजंतू मरतात, असे दाखवले होते. म्हणजे मानवी दुधाचे हे मोजमाप गोठ्यातल्या दुधाच्या अनुभवावर उभे आहे आणि त्याची मर्यादाही तीच. या तापनाने एचआयव्ही व सायटोमेगॅलो विषाणू निष्प्रभ होतात. दुधातील जटिल शर्करा जवळजवळ अबाधित राहतात. मात्र चरबी पचवण्यास मदत करणारे लायपेज पूर्ण निकामी होते, लॅक्टोफेरिन हे संरक्षक प्रथिन बरेच घटते आणि प्रतिपिंडांचाही काही भाग जातो. बॅसिलस सीरिअस या जिवाणूचे बीजाणू तगून राहतात, म्हणून तापनानंतर जंतुपरीक्षण आवश्यक ठरते. 72° से. वर 15 सेकंद तापवणे, तसेच उष्णतेऐवजी अतिउच्च दाब, हे पर्याय अभ्यासले जात आहेत. 

गोठवण : न तापवलेल्या दुधात −20° से. वरही लायपेजचे काम मंदपणे चालू राहते व मुक्त मेदाम्ले वाढतात. त्यामुळे दुधाला साबणासारखा वास येतो. आया ते नासले समजून ओतून देतात. पुष्कळदा ते नासलेले नसते.

भारतात : आशियातील पहिली दुग्धपेढी 27 नोव्हेंबर 1989 रोजी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. शासकीय रुग्णालयांतील स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 2017 मध्ये आली. मानवी दुधाची विक्री अनुज्ञेय नाही, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये स्पष्ट केले.

सीमाभाग : बेळगावातील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय माता-बालआरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संशोधनजाळ्यात असून, कमी वजनाच्या अर्भकांच्या आहाराविषयी भारत, मलावी व टांझानियात झालेल्या अभ्यासातही ते सहभागी होते.

निपाणी परिसराचा प्रश्न वेगळा आहे. तंबाखूच्या वखारी व विडीकाम यांत बायकांचे हात गुंतलेले, आणि घरोघरी मिश्री. निकोटीन रक्तापेक्षा दुधात अधिक प्रमाणात उतरते. तापवून वा गोठवून ते जात नाही. त्यामुळे तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्या मातेचे दूध दुग्धपेढी स्वीकारत नाही. तिने स्वतःच्या बाळाला पाजणे मात्र थांबवू नये. सुटायला हवी ती मिश्री. वखारीत राबणाऱ्या बाईला हे सांगताना दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

घरगुती साठवणीत 25° से. पर्यंत चार तास, फ्रीजमध्ये (4° से.) चार दिवस ही सामान्यतः सांगितली जाणारी मर्यादा होय. खानापूरच्या पावसाळी गारव्यात ती पाळता येते. अथणी-चिकोडीकडील उन्हाळ्यात खोलीचे तापमान याच्या बरेच वर जाते, तेथे चार तास धरून चालू नये. वीज गेल्यावर फ्रीजचे दार उघडझाप न करणे व वितळलेले दूध पुन्हा न गोठवणे, एवढे पथ्य घरच्यांना सहज पाळता येते. अतिदक्षता विभागातील बाळासाठी मिरज वा कोल्हापूरला दूध न्यायचे असल्यास ते बर्फाच्या पेटीत, झाकणाच्या निर्जंतुक भांड्यात न्यावे. भांड्यावर काढल्याची तारीख व वेळ लिहावी.