दोन तोंडांचं वासरू आणि न्यूटच्या गर्भाचा एक तुकडा

गावच्या ग्रुपवर परत तो व्हिडिओ आला. गाय व्यायली, वासराला दोन तोंडं, आणि तासाभरात त्याच्या दोन्ही कपाळांवर हळदकुंकू, पुढ्यात दहा-दहाच्या नोटा. कमेंट्स दोनच प्रकारच्या, एक 'साक्षात देव' आणि दुसरी 'कलियुग, काहीतरी वाईट होणार'. मामाने मला वेगळा मेसेज टाकला, गाय ग्रहणात बाहेर बांधली असेल का रे?

नाही ओ मामा.

आपल्याला वाटतं की एक डोकं जास्तीचं उगवलं. पण गर्भाला आकडे मोजता येत नाहीत, एक डोकं चार पाय असा हिशोब कुठल्याच पेशीकडे नसतो, तिला फक्त शेजारणीकडून निरोप येतो की तू इकडचा भाग हो. निरोप दोन जागांवरून निघाला की दोन डोकी, आणि गंमत म्हणजे दोन्ही बऱ्यापैकी नीट बनतात.

हे कळलं त्याची गोष्ट मला प्रचंड आवडते. जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये हिल्डे मँगोल्ड नावाची विद्यार्थिनी हान्स स्पेमानच्या हाताखाली काम करत होती. तिने न्यूटचे (पाण्यातल्या पालीसारखा दिसणारा, बेडकाचा भाऊबंद) गर्भ घेतले. हा गर्भ सुरुवातीला नुसता गोळा असतो, मग त्याला एका जागी खळगी पडते आणि पेशी तिथून आत शिरायला लागतात. त्या खळगीच्या वरच्या ओठाचा बारीकसा तुकडा तिने कापला आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरं शरीर तयार झालं, पाठीचा कणा, मेंदूची नळी सगळं, पोटाला पोट चिकटलेलं! आता खरी मेख. तुकडा फिक्या रंगाच्या जातीचा होता आणि ज्याच्यावर बसवला तो गर्भ गडद जातीचा, त्यामुळे कुठली पेशी कोणाची हे मायक्रोस्कोपखाली दिसत होतं, आणि नव्या शरीरातला मोठा भाग, मेंदूची नळी धरून, गडद पेशींचाच निघाला. म्हणजे तुकडा स्वतः शरीर झाला नाही, त्याने मुकादमासारखं शेजारच्यांना कामाला लावलं. ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या त्यांचा मेंदू झाला. १९२४ साली हे छापून आलं, त्याच वर्षी हिल्डे भाजून गेली, वय २५. नोबेल १९३५ साली एकट्या स्पेमानला.

गायीच्या गर्भात खळगीऐवजी चपट्या चकतीवर एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक, आणि तिच्या टोकाची गाठ हा तिथला मुकादम. रेघा दोन पडल्या आणि जवळजवळ पडल्या, किंवा एकच पुढे दुभंगली, की धड एक आणि डोकी दोन. २८० दिवसांतल्या पहिल्या तीनेक आठवड्यांत, गाय उलटते की गाभण राहते हे कळायच्या आसपासच, हे होऊन गेलेलं असतं.

नुसता चेहरा दुप्पट होण्यात आणखी एक भानगड असू शकते. असाच निरोप पोचवणारं सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन (हो, व्हिडिओगेमवरूनच नाव ठेवलंय) चेहऱ्याची रुंदी ठरवतं. कोंबडीच्या गर्भात ते जास्त झालं की चेहरा रुंद होतो आणि चोच दुप्पट व्हायला लागते. उलट कमी पडलं तर दोन डोळे एकत्र येतात. अमेरिकेत आयडाहोमध्ये १९५० च्या दशकात एकडोळी कोकरं जन्माला येत होती, कारण निघालं कॉर्न लिली नावाची रानवनस्पती, मेंढीने गाभणपणाच्या १४ व्या दिवसाच्या सुमारास खाल्ली तर तिच्यातलं सायक्लोपामाइन नावाचं रसायन हाच निरोप अडवतं. ग्रहण नाही, चारा!

पाचव्या पायाची गोष्ट कधीकधी सरळ जीनमध्ये असते. अँगस जातीच्या गायींमध्ये मानेवर-खांद्यावर जादा पाय घेऊन वासरं जन्मायची, तो दोष एनएचएलआरसी२ या जीनमध्ये सापडला. रिसेसिव्ह आहे, शाळेतले मेंडेलचे वाटाणे आठवा, आई-बाप दोघेही वाहक (दोष अंगात, पण बाहेर दिसत नाही) पाहिजेत, आणि दोन्हीकडून दोष आलेले बरेच गर्भ पोटातच जातात. एकाच नामी वळूचं रेत गावोगाव गेलं की असे वाहक गुपचूप वाढतात. जत्रेत झूल घालून फिरवतात त्या पाच पायांच्या गायीचा पाय मात्र नीट बघा, खांद्यावर नुसता लोंबत असतो, बऱ्याचदा आत धड सांधाही नसतो.

मामाचा पुढचा प्रश्न, आपल्याकडे असं झालं तर गाय विकायची का? एकदा झालं तर कशाला, बहुतेक वेळा तो अपघातच असतो. दुसऱ्यांदा झालं आणि रेत त्याच वळूचं असेल तर वळू बदल. आणि असं वासरू कळा देऊनही सुटत नाही, गाय अडते, तेव्हा हळदकुंकवाच्या आधी गुरांच्या डॉक्टरला फोन लाव.